वार्धक्यातील नैराश्य आणि प्रश्नावलीची कसोटी : फ्रेंच भाषकांचा अनुभव

वार्धक्यात जडणारे नैराश्य पुष्कळदा ओळखलेच जात नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण उरले नाही, गोष्टी आठवत नाहीत, अशा तक्रारी घेऊन वृद्ध व्यक्ती डॉक्टरकडे जाते. घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो. डॉक्टरही सांधे, हृदय आणि रक्तदाब यांच्याच मागे असतात. फ्रान्समध्ये वयोगटानुसार आत्महत्येचे दर पाहिले असता ते अतिवृद्ध पुरुषांमध्ये, विशेषतः ८५ वर्षांवरील पुरुषांमध्ये, सर्वाधिक आढळतात. त्याच देशात वृद्धांना झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्या मोठ्या प्रमाणावर लिहून दिल्या जातात, हाही तेथील आरोग्ययंत्रणेपुढील जुना प्रश्न आहे. ज्याला उपचार हवेत तो निसटतो आणि ज्याला नकोत त्याच्या हाती गोळ्या पडतात, अशी ही दुहेरी चूक होय.

ही चूक कमी करण्यासाठी वापरले जाणारे साधन म्हणजे नैराश्याची प्रश्नावली. पाच-दहा मिनिटांत भरता येणारी, गुण देणारी आणि विशिष्ट गुणांच्या पुढे ‘अधिक तपासणी आवश्यक’ असा इशारा देणारी ही चाळणी असते. ती निदान करीत नाही. निदानासाठी कोणाला बोलवावे एवढेच सांगते. मात्र या प्रश्नावल्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत, इंग्रजीत आणि अनेकदा तरुण वा मध्यमवयीन रुग्णांसाठी तयार झाल्या. बेक यांची प्रश्नावली १९६१ ची, राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील लेनोर रॅडलॉफ यांची ‘सीईएस-डी’ १९७७ ची. त्या फ्रेंच भाषक वृद्धांना लावताना त्यांचे गुण तोच अर्थ सांगतात काय, हा प्रश्न फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातील संशोधकांना गेली चार दशके सोडवावा लागला आहे. फ्रान्समध्ये आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आज साधारणपणे दर पाच व्यक्तींमागे एक ६५ वर्षांवरील आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. तो आरोग्य नियोजनाचाही झाला आहे.

भाषांतरातून काय सुटते

परकीय प्रश्नावली आपल्या भाषेत आणण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे उलट-भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती पद्धतशीरपणे मांडली. एका भाषांतरकाराने इंग्रजीचे फ्रेंच करावे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या फ्रेंचचे पुन्हा इंग्रजी करावे आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहावेत. फ्रेंच भाषेतील संशोधनासाठी क्वेबेकचे मानसशास्त्रज्ञ रोबेर वालरां यांनी १९८९ मध्ये या रीतीचा विस्तार करून सात टप्प्यांची कार्यपद्धती सुचविली. तज्ज्ञ समितीकडून मजकुराची छाननी, लहान गटावर पूर्वचाचणी, द्विभाषकांकडून दोन्ही आवृत्त्या भरून घेणे, विश्वसनीयता व सप्रमाणता तपासणे आणि शेवटी त्या समाजासाठी स्वतंत्र प्रमाणके ठरविणे, असा तिचा क्रम आहे. परीक्षार्थींनी यातील शेवटचा टप्पा विशेष ध्यानात ठेवावा, कारण प्रत्यक्षात हाच बहुधा वगळला जातो.

उलट-भाषांतर निर्दोष ठरूनही प्रश्न फसू शकतो. सीईएस-डीमध्ये उदासीसाठी इंग्रजीतील ‘ब्लूज’ हा बोलीतला शब्द आहे. त्याचा शब्दशः संबंध निळ्या रंगाशी. फ्रान्समधील आवृत्तीत त्या जागी ‘कफार’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ झुरळ, पण बोलण्यात अर्थ उदासीनता. फ्रान्समधील वृद्धाला तो सहज कळतो. कॅनडातील फ्रेंच बोलीत मात्र इंग्रजीच्या शेजारामुळे निळ्या रंगाचाच शब्द उदासीसाठी रुळला आहे. एकच भाषा, एकच भावना आणि दोन वेगळे वाक्प्रचार. पॅरिसमध्ये प्रमाणित झालेला कागद क्वेबेकमध्ये तसाच उचलून वापरणे म्हणूनच धोक्याचे ठरते, आणि त्याच्या उलटही तितकेच खरे आहे.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत ‘मला खिन्न वाटले’ या वाक्यातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. फ्रेंचमध्ये, मराठीतील ‘मी खचलो’ आणि ‘मी खचले’ यांप्रमाणे, अशा अनेक वाक्यांत लिंगभेद लेखनात उतरतो. छापील प्रश्नावलीत मग कंसात स्त्रीलिंगी प्रत्यय जोडावे लागतात. चष्मा लावूनही बारीक अक्षरे न दिसणाऱ्या वाचकाला हे कंस अडखळवतात. नकारार्थी प्रश्नाला दुजोरा देण्यासाठी एक आणि तो खोडून काढण्यासाठी दुसराच शब्द फ्रेंचमध्ये आहे. केवळ ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी दिल्या की नकारार्थी प्रश्नाचे उत्तर संदिग्ध होते.

तिसरी बाब शिक्षणाची, आणि ती सर्वांत कमी चर्चिली जाते. क्वेबेकमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४३ साली झाला. फ्रान्समध्ये शिक्षणाची सक्ती १४ वर्षांपर्यंत १९३६ मध्ये वाढली. १९८० व १९९० च्या दशकांत ज्या वृद्धांवर या प्रश्नावल्या तपासल्या गेल्या त्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण त्यापूर्वीच आटोपले होते. अशा व्यक्तीपुढे चार-चार पर्यायांचा कागद ठेवला तर ती आपले नैराश्य व्यक्त करते की वाचनातली अडचण, हे सांगणे कठीण होते. त्यामुळे प्रश्न मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा पडली. परंतु स्वतः भरलेली आणि दुसऱ्याने विचारून भरलेली प्रश्नावली ही मोजमापाच्या दृष्टीने दोन वेगळी साधने आहेत. समोर बसलेल्या परिचारिकेला ‘आयुष्य रिकामे वाटते’ असे सांगणे हे कागदावर खूण करण्याहून अवघड असते.

वृद्धांसाठीच घडविलेले साधन

या अडचणींपैकी काहींचे उत्तर जेरोम येसावेज, ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२-८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जीडीएस’ या वृद्धांसाठीच्या नैराश्यश्रेणीत सापडते. तिच्यात ३० प्रश्न असून प्रत्येकाचे उत्तर फक्त होय किंवा नाही. तिचे वेगळेपण आणखी एका निर्णयात आहे. झोप, भूक, वजन, थकवा यांसारख्या शारीरिक लक्षणांचे प्रश्न तिच्यात जवळजवळ नाहीत, कारण ७५ व्या वर्षी झोप तुटणे हे नैराश्याविनाही घडते. बेक यांच्या २१ गटांच्या प्रश्नावलीत अशी लक्षणे मोजली जातात. शिवाय लैंगिक इच्छेविषयीचा प्रश्न तिच्यात आहे, आणि तो वृद्धांकडून अनेकदा कोरा सोडला जातो. कोऱ्या उत्तराला शून्य गुण द्यायचे की सरासरी गुण धरायचे, यावरच एखाद्याचा निकाल फिरू शकतो.

बेक प्रश्नावलीच्या फ्रेंच आवृत्तीचा इतिहास बोधप्रद आहे. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातील माँक्तों विद्यापीठाच्या पोल बूर्क आणि दानिएल बोदेत यांनी १९८२ मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यातील नमुना फ्रेंच भाषक विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा होता. अभ्यास आपल्या मर्यादेत योग्यच होता. परंतु विशीतील विद्यार्थ्यांवर सिद्ध झालेली विश्वसनीयता ऐंशीच्या घरातील शेतकऱ्याला उसनी देता येत नाही. ‘प्रमाणित फ्रेंच आवृत्ती’ असा शिक्का पाहिला की तो कोणावर, कोठे आणि कोणत्या वयात मिळाला, हे विचारणे अपरिहार्य ठरते.

बूर्क यांनीच ब्लांशार आणि वेझिना यांच्यासह पुढे जीडीएसच्या फ्रेंच आवृत्तीचा अभ्यास केला आणि तो १९९० मध्ये वार्धक्यविषयक कॅनेडियन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या वेळी प्रश्नावलीही वृद्धांची होती आणि तिच्या परीक्षणाचा विषयही वृद्धच होते. शेख आणि येसावेज यांनी १९८६ मध्ये १५ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती आणली होती, तीही फ्रेंचमध्ये रुळली. फ्रान्समध्ये लिमोज येथील मनोविकारतज्ज्ञ जाँ-पिएर क्लेमां आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केवळ चार प्रश्नांची ‘मिनी-जीडीएस’ मांडली. खचलेपणा व दुःख, आयुष्याचे रितेपण, आनंद आणि परिस्थितीविषयीची हताशा, एवढेच चार मुद्दे. एक गुण जरी मिळाला तरी नैराश्याची दाट शक्यता धरायची. गर्दीच्या दवाखान्यात ही आवृत्ती सोयीची आहे यात शंका नाही. तथापि चार प्रश्नांपैकी एक चुकीने ऐकला गेला तरी निकाल बदलतो, ही त्या सोयीची किंमत आहे.

संक्षिप्त आवृत्तीतही काही प्रश्न परिस्थितीशी बांधलेले आहेत. बाहेर पडून नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे पसंत आहे काय, असा एक प्रश्न १५ प्रश्नांच्या जीडीएसमध्ये आहे. क्वेबेकच्या जानेवारीत, रस्त्यावर बर्फ साचलेला असताना, ८० वर्षांच्या व्यक्तीने ‘घरी राहणे पसंत’ असे सांगितले तर ते शहाणपण म्हणावे लागेल. वृद्धाश्रमातील चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला तर हा प्रश्न लागूच होत नाही. अशा एखाद्या प्रश्नाने एकूण गुण फारसे बदलत नाहीत. परंतु सीमेवरची व्यक्ती सीमा ओलांडते ती याच एका गुणाने.

सीमांक कोणाचा?

ज्या गुणांपासून पुढे व्यक्ती ‘संशयित’ ठरते त्यांना सीमांक म्हणता येईल. प्रश्नावलीच्या साऱ्या मूल्यमापनातील कळीचा निर्णय हाच. सीईएस-डीमध्ये गेल्या आठवड्यातील अनुभवाविषयी २० विधाने असतात. प्रत्येकास ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते ६०. अमेरिकेत १६ हा सीमांक रूढ झाला. फ्यूरर आणि रूयों यांनी १९८९ मध्ये फ्रेंच आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा फ्रान्ससाठी पुरुषांकरिता १७ आणि स्त्रियांकरिता २३ हे सीमांक पुढे आले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, १९ गुण मिळालेली तीच फ्रेंच स्त्री अमेरिकी सीमांकानुसार संशयित ठरते आणि फ्रेंच सीमांकानुसार ठरत नाही. तिची मनःस्थिती मात्र तीच असते.

स्त्रियांचा सीमांक इतका वर का? एक स्पष्टीकरण असे की, काही विधानांना स्त्रिया आणि पुरुष समान नैराश्य असतानाही वेगवेगळी उत्तरे देतात. रडू येण्याविषयीचे विधान हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. पुरुषाने रडल्याचे कबूल करणे समाजाला मान्य नसते, म्हणून त्याचे गुण कमी भरतात. संख्याशास्त्रात याला प्रश्नाचे भेदात्मक कार्य असे म्हणतात. पण दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. स्त्रियांचे गुण अधिक येतात ते त्यांच्या वाट्याला वैधव्य, एकटेपण आणि तुटपुंजे निवृत्तिवेतन अधिक येते म्हणून असतील, तर सीमांक वर नेणे म्हणजे खरे दुःख हिशोबातून वगळणे होय. कोणता अर्थ किती खरा हे प्रश्नावलीच्या गुणांवरून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र नैदानिक मुलाखतच लागते.

फ्रान्समधील दोन मोठ्या अभ्यासांत ही श्रेणी वापरली गेली. जिरोंद आणि दोर्दोन्य या जिल्ह्यांत १९८८ पासून चाललेल्या ‘पाकिद’ अभ्यासात ६५ वर्षांवरील ३,७७७ व्यक्ती होत्या. १९९९ मध्ये बोर्दो, दिजों आणि माँपेलिए येथे सुरू झालेल्या ‘तीन शहरे’ अभ्यासात ९,२९४. एवढ्या लोकांची मानसिक स्थिती मोजणाऱ्या साधनाचा सीमांक एक-दोन गुणांनी सरकला तरी नैराश्यग्रस्तांची अंदाजित संख्या लक्षणीय बदलते, आणि तिच्या आधारे मागावयाच्या मनुष्यबळाचा व निधीचा आकडाही.

दोन टक्केवाऱ्या आणि तिसरी

सीमांक योग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी प्रश्नावलीचा निकाल तज्ज्ञाच्या निदानाशी ताडला जातो. निदान डीएसएम किंवा आयसीडी या मान्य वर्गीकरणानुसार आणि प्रश्नावलीचे गुण ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाने करावयाचे असते. खऱ्या रुग्णांपैकी जितक्यांना प्रश्नावली पकडते ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. निरोगी व्यक्तींपैकी जितक्यांना ती योग्यपणे बाजूला ठेवते ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. मूळ जीडीएसच्या अभ्यासात ११ या सीमांकाला संवेदनशीलता ८४ टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के आढळली होती. सीमांक खाली आणला की पहिली वाढते आणि दुसरी घटते. दोन्ही एकाच वेळी वाढविणे केवळ सीमांक हलवून शक्य नसते.

दवाखान्यातील डॉक्टरला मात्र तिसरेच प्रमाण हवे असते. समोरच्या व्यक्तीचे गुण सीमांकाच्या वर आले, तर तिला खरोखर नैराश्य असण्याची शक्यता किती? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० वृद्धांच्या वस्तीत १०० जणांना नैराश्य आहे आणि प्रश्नावलीची संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ८० टक्के आहेत. १०० रुग्णांपैकी ८० पकडले जातील. उरलेल्या ९०० निरोगी व्यक्तींपैकी १८० चुकीने संशयित ठरतील. एकूण २६० संशयितांत खरे रुग्ण ८०, म्हणजे सुमारे ३१ टक्के. तीच प्रश्नावली १,००० पैकी ३०० जण नैराश्यग्रस्त असलेल्या रुग्णालयीन गटात वापरली, तर २४० खरे आणि १४० चुकीचे संशयित मिळतात; प्रमाण ६३ टक्क्यांवर जाते. कागद बदलला नाही, सीमांक बदलला नाही, बदलली ती फक्त जागा. रुग्णालयात सिद्ध झालेली प्रश्नावली वस्तीत नेऊन सीमांकावरच्या प्रत्येकाला गोळ्या सुरू केल्या, तर पहिल्या उदाहरणात दहापैकी जवळजवळ सात जणांना त्या विनाकारण मिळतील.

विश्वसनीयतेचा निर्देशांक म्हणून क्रॉनबाख यांचा अल्फा सर्वत्र दिला जातो. १९५१ मध्ये मांडलेला हा निर्देशांक प्रश्न परस्परांशी किती सुसंगत आहेत एवढेच दर्शवितो. सर्व प्रश्न एकसुरात काहीतरी मोजत आहेत, हे त्यातून कळते; ते नैराश्यच मोजत आहेत, हे कळत नाही. प्रश्नांची संख्या वाढविली तरी अल्फा वाढतो. परीक्षेच्या उत्तरात ‘अल्फा उच्च, म्हणून प्रश्नावली सप्रमाण’ असे लिहिणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

स्मृतिभ्रंशाची गुंतागुंत

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीबाबत या साऱ्या हिशोबाचा पायाच डळमळतो. गेल्या आठवड्यात कसे वाटले, या प्रश्नासाठी गेला आठवडा आठवावा लागतो. नैराश्य आणि बौद्धिक क्षमतेतील घट या दोन्ही गोष्टी वृद्धांत अनेकदा एकत्र दिसतात. पाकिदच्या माहितीवर आधारित १९९२ मधील शोधनिबंधात फ्यूरर आणि सहकाऱ्यांनी हाच संबंध तपासला होता. निरुत्साह, मंद बोलणे, माणसे टाळणे ही लक्षणे दोन्हींकडे येतात. सौम्य अवस्थेत जीडीएस उपयोगी पडते, परंतु आजार बळावल्यावर उत्तरांवर विसंबता येत नाही. अशा रुग्णांसाठी अलेक्सोपुलोस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १९ मुद्द्यांची कॉर्नेल श्रेणी तयार केली. तिच्यात रुग्णाबरोबरच त्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीलाही विचारले जाते. येथे मोजमापात आणखी एक मन येते. रात्ररात्र जागून थकलेल्या पत्नीला पतीची अवस्था अधिक काळवंडलेली दिसू शकते, आणि पाळीनुसार बदलणाऱ्या सेविकेला ती दिसतही नाही.

निरनिराळ्या देशांची तुलना करण्यासाठी ‘युरो-डी’ ही १२ मुद्द्यांची श्रेणी १९९९ मध्ये १४ युरोपीय केंद्रांतील माहितीच्या आधारे बांधली गेली. २००४ पासून सुरू झालेल्या ‘शेअर’ या युरोपीय सर्वेक्षणात ती फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनाही विचारली जाते. भारतातील ‘लासी’ हे वार्धक्यविषयक सर्वेक्षण याच कुळातील आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी केली. ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक व्यक्तींच्या या पाहणीत सीईएस-डीची १० प्रश्नांची आवृत्ती अनेक भारतीय भाषांतून विचारली गेली. एका फ्रेंच भाषेत स्त्री-पुरुषांसाठी दोन सीमांक लागले, तर इतक्या भाषांत एकच सीमांक कितपत पुरतो, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आपोआप उभा राहतो. गोव्यात प्राथमिक आरोग्यसेवेसाठी येणाऱ्या रुग्णांवर पाच प्रश्नावल्यांची तुलना करणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो सामान्य मानसिक विकारांविषयीचा होता, खास वृद्धांविषयीचा नव्हता.

प्रश्नावलीत काय विचारलेले नाही, हेही तिच्या मूल्यमापनाचा भाग आहे. जीडीएसच्या ३०, १५ किंवा ४ प्रश्नांपैकी एकातही आत्महत्येच्या विचाराविषयी थेट विचारणा नाही, सीईएस-डीतही नाही. बेक प्रश्नावलीत ती आहे. २००१ मध्ये आलेल्या नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ मध्ये ती शेवटच्या प्रश्नात आहे, आणि युरो-डीमध्ये मरणाच्या इच्छेचा मुद्दा समाविष्ट आहे. फ्रान्समधील ८५ वर्षांवरील पुरुषांचा आत्महत्येचा दर लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. जीडीएसमध्ये गुण सीमांकाच्या खाली आले तरी मरणाविषयीचा प्रश्न डॉक्टरने स्वतंत्रपणे, त्या व्यक्तीच्या रोजच्या भाषेत आणि नातेवाईक खोलीत नसताना विचारावयाचा असतो.